फाइलमधला ‘सेनिलिटी’ शब्द आणि जमिनीखालचे नऊ महिने

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लग्नानंतर तुम्ही अ‍ॅडलेडला असता. तुमच्या सासऱ्यांचे आजोबा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधून तरुणपणी ऑस्ट्रेलियात आले आणि ब्रोकन हिलच्या खाणीत राबले. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ च्या डिसेंबरात, वय ४४ सांगून सैन्यात गेले. हुद्दा सॅपर, म्हणजे खोदकाम-बांधकाम करणारा शिपाई; तुकडी पहिली ऑस्ट्रेलियन टनेलिंग कंपनी, म्हणजे शत्रूच्या खंदकांखाली बोगदे खणणारी. त्यांची लष्करी फाइल जेमतेम सतरा पानांची. तीत शौर्यपदक नाही. दारू पिऊन गोंधळ घातल्याचा एक दंड आहे, दोनदा इस्पितळात गेल्याची नोंद आहे आणि शेवटी ‘प्रिमॅच्युअर सेनिलिटी’ असा शेरा मारून १९१७ मध्ये घरी पाठवणी. त्यामुळे घरात पिढ्यान्‌पिढ्या दबक्या आवाजात सांगतात की आजोबांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. ते खरंच लढले का, की नुसतेच जाऊन आले, हे तुम्हाला हवंय.

डोकं ठिकाणावर होतं. आणि ‘नुसतेच जाऊन आले’ असं तर मुळीच म्हणता येणार नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत काढली, निवृत्तीनंतर या टनेलर लोकांच्या फायली आणि कंपन्यांच्या रोजनिश्या वाचायचं वेड लागलं. म्हणून खाणीच्या बाजूने सांगतो. लष्कराच्या बाजूने सांगणारे पुष्कळ आहेत.

सुरुवात त्या शब्दापासूनच करू. तुम्ही लिहिलंय की कॅम्बोर्नच्या चर्चमधला त्यांचा बाप्तिस्मा १८६४ चा आहे. म्हणजे भरतीच्या दिवशी ते ४४ नव्हे, ५१ वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियन सैन्याची वयोमर्यादा तेव्हा ४५ होती. खाणकामगारांसाठी ती ५० पर्यंत सैल केली होती. तीही ओलांडलेला माणूस सात वर्षं चोरून आत शिरला. पुढे १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांपुढे तो उभा राहिला तेव्हा कागदावर वय ४५ आणि समोर देह बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, तोही आयुष्यभर खाणीत झिजलेला. डॉक्टर काय लिहिणार? अकाली वार्धक्य. ‘प्रिमॅच्युअर’ हा शब्द त्यांच्या स्वतःच्या थापेमुळे लागला आहे. खरं वय सांगितलं असतं तर वार्धक्य अकाली ठरलंच नसतं! त्या काळच्या ऑस्ट्रेलियन फायलींत हा शेरा शेकड्यांनी दिसतो. त्यातल्या ‘सेनिलिटी’चा स्मृतिभ्रंशाशी संबंध नाही. सांधे धरले, दम लागतो, दात गेले, ओझं उचलवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सासऱ्यांना हे जरूर सांगा. शंभर वर्षांपासून विनाकारण मान खाली घालून बसलेत बिचारे.

आता एक्कावन्नाव्या वर्षी हा माणूस का गेला, आणि सैन्याने त्याला का घेतलं?

कॉर्नवॉल म्हणजे कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. तिथलं तांबं १८६० च्या दशकात कोसळलं, मग कथिलाचेही भाव पडले आणि खाणकामगारांची घरंच्या घरं जहाजांत बसली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मून्टा-कडिना-वॉलरूच्या तांब्याच्या पट्ट्याला तर लोक ‘छोटं कॉर्नवॉल’च म्हणत. ब्रोकन हिलला १८८३ मध्ये चांदी-शिसं-जस्ताची शीर सापडली, तेव्हा यातले कित्येक तिकडे सरकले. जगात कुठेही खाण दिसली की आत एक ‘कझिन जॅक’ भेटायचाच, अशी या कॉर्निश लोकांची ख्याती. गंमत अशी, की फाइलमध्ये हे स्थलांतर जवळजवळ दिसत नाही. भरतीच्या अर्जात प्रश्न असा, की तुम्ही जन्माने ब्रिटिश प्रजाजन आहात का. कॉर्नवॉलचा माणूस ‘होय’ म्हणतो आणि विषय संपतो. जन्मगावाचा रकाना आणि व्यवसायाचा रकाना एकत्र वाचला तरच कळतं की हा परमुलखातून आलेला खाणवाला आहे.

देशप्रेम असेलही, मी नाकारत नाही. पण ब्रोकन हिलचं एक दुखणं वेगळं होतं. युद्धाआधी तिथल्या मालाचा मोठा गिऱ्हाईक जर्मनी. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि तो व्यापार एका रात्रीत बंद पडला, खाणींनी माणसं कमी केली. पुढे माल पुन्हा उठायला लागला, तर १९१६ च्या जानेवारीत आठवड्याला ४४ तासांच्या मागणीवरून भूमिगत कामगारांचा संप झाला. सैन्यात दिवसाला सहा शिलिंग मिळत. पन्नाशीच्या माणसाला, ज्याच्या छातीत आधीच धूळ भरली आहे, हा हिशोब कळत नसेल असं समजू नका.

सैन्याला तो हवा होता, कारण तोवर जमिनीखालचं युद्ध सुरू झालं होतं. आपल्याला यात नवल वाटू नये. चाकणच्या संग्रामदुर्गाला शाइस्तेखानाने १६६० मध्ये वेढा घातला, तेव्हा शेवटी बुरुजाखाली सुरुंग भरूनच फळी फोडली होती. फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवरच्या फ्लँडर्समध्ये तेच झालं, फक्त किल्ल्याच्या जागी खंदक. आणि पहिला मोठा फटका बसला तो भारतीयांना. २० डिसेंबर १९१४ रोजी गिव्हाँशी-फेस्तुबेरच्या बाजूला सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली जर्मनांनी दहा छोटे सुरुंग एकामागोमाग उडवले आणि मागोमाग पायदळ घातलं. त्याआधी दोनच महिने, २८ ऑक्टोबरला, आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना न्यव शापेल गावात पायदळासारखं झुंजायला धाडलं होतं. कंपन्यांच्या नावातच ‘मायनर्स’ असलेली, बांधकाम-खोदकामात मुरलेली माणसं संगिनी घेऊन घरोघर लढली आणि भयंकर संख्येने पडली. अशी माणसं लगेच तयार होत नाहीत, हे कळायला सेनापतींना ती किंमत मोजावी लागली.

सरहिंद ब्रिगेडच्या त्या दिवसानंतर ब्रिटिश जागे झाले. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स नावाचा एक कंत्राटदार-खासदार मँचेस्टरच्या गटारांचे बोगदे खणणारी माणसं घेऊन युद्धमंत्री किचनरपुढे उभा राहिला आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये टनेलिंग कंपन्या सुरू झाल्या. साध्या ब्रिटिश शिपायाला दिवसाला एक शिलिंग. तोंडावर खणणाऱ्या कसबी टनेलरला सहा. कवायत नाही, सलाम जेमतेम. अशा पंचवीस ब्रिटिश कंपन्या झाल्या, शिवाय तीन कॅनडाच्या, तीन ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडची एक.

वयाबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, तो विषयांतर वाटला तरी विषयांतर नाही. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी अंडरमॅनेजर होतो. आमच्याकडे एक टिंबर मिस्त्री, म्हणजे छताला लाकडी टेकू देणारे, होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, सगळे त्यांना काका म्हणत. एका दुसऱ्या पाळीत मी टेकू मोजून, नकाशाबरहुकूम आहेत म्हणून समाधानाने वहीत लिहीत होतो. काकांनी सब्बल उलटी धरून छताला हळूच ठोकलं. एका जागी ठण्ण. चार हात पुढे पुन्हा ठोकलं, तर ढब्ब. ते म्हणाले, “साहेब, छत बोलून राह्यलं. पोरं काढा बाहेर.” मला वाटलं, पाळी लवकर सोडायचं निमित्त. मी हो-नाही करेपर्यंत त्यांनी माझ्याकडे न बघताच चार भरणाऱ्यांना हाक मारून मागे घेतलं होतं. अर्ध्या तासाच्या आत तो तुकडा खाली आला; दोन टब गाडले गेले, माणूस एकही नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीपेक्षा म्हाताऱ्यांच्या कानावर माझा भरवसा जास्त. चाळिशी-पन्नाशीच्या खाणवाल्याकडे हा कान असतो, आणि तो विशीच्या पोराला शिकवून येत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांशी भरती अधिकाऱ्याने जो सौदा केला, तो या कानाचा.

आता फाइल. तुम्ही विचारलंय की ते सिडनीहून निघाल्याची तारीख २० फेब्रुवारी १९१६ आणि पुन्हा फ्रीमँटलहून निघाल्याची १ एप्रिल १९१६, हे कसं, मध्येच पळून गेले होते का? नाही हो. ‘युलिसिस’ नावाच्या जहाजातून अख्खी मायनिंग कोअर, म्हणजे या खाणवाल्यांचं दल, निघाली. फ्रीमँटलहून बाहेर पडताना जहाजाचं बूड पाण्याखालच्या खडकाला लागलं. दुरुस्तीला महिना गेला, तोवर माणसं पर्थजवळच्या ब्लॅकबॉय हिलच्या छावणीत ठेवली. दारूच्या दंडाची तारीख याच महिन्यातली आहे, बघा. तेराशे खाणवाले, हाताला काम नाही, खिशात पगार. दंड झाला नसता तर मला आश्चर्य वाटलं असतं.

त्याच जहाजावर दुसरे एक वयस्क स्थलांतरित होते, ते मात्र प्रसिद्ध: प्रोफेसर एजवर्थ डेव्हिड. वेल्समध्ये जन्मलेले, १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेले, सिडनी विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. १९०९ मध्ये दक्षिण चुंबकीय ध्रुवाकडे गेलेल्या पायी मोहिमेचे म्होरके. भरती झाले तेव्हा वय ५७. फ्रान्समध्ये पाण्याची पातळी, मातीचे थर, कुठे किती खोल गेलं तर कोरडं राहील, हे सगळ्या कंपन्यांना सांगत फिरायचे. १९१६ मध्ये विमीजवळ एका विहिरीची तपासणी करताना खाली पडले, बरगड्या मोडल्या, आणि बरे होताच पुन्हा कामावर. पन्नाशीपुढच्या माणसांना सैन्यात काय काम, असं सासरी कुणी म्हणालं तर हे नाव पुढे करा.

मे १९१६ मध्ये मार्से बंदरात उतरून ते उत्तरेकडे गेले. पहिली कंपनी आधी आर्मांतिएरच्या भागात होती आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला तिने बेल्जियममधल्या ईप्रजवळच्या हिल ६० खालच्या बोगद्यांचं काम आपल्याकडे घेतलं. तुमच्या फाइलमध्ये फेब्रुवारी १९१७ ला ‘ब्रॉन्कायटिस’ म्हणून मागे नेल्याची नोंद आहे. म्हणजे हिल ६० वरचा तो अख्खा हिवाळा त्यांच्या वाट्याला आला. तो त्या युद्धातल्या सगळ्यात कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी एक.

हिल ६० ही टेकडीसुद्धा खरी नव्हे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेसाठी चर खणला, त्याची माती टाकून झालेला तो ढीग. समुद्रसपाटीपासून ६० मीटर म्हणून नाव ६०. पण त्या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरून सगळं दिसतं, म्हणून त्या ढिगासाठी हजारो मेले. वर ओली वाळू, आणि खाली निळी चिकणमाती. ब्रिटिशांनी १९१५ मध्ये त्या निळ्या मातीत खोल बोगदा सुरू केला होता. मग कॅनडाच्या तिसऱ्या कंपनीने तो पुढे नेऊन दोन दारूकोठ्या भरल्या. एक हिल ६० च्या खाली, ५३,५०० पौंड. दुसरी शेजारच्या ‘कॅटरपिलर’ नावाच्या ढिगाखाली, ७०,००० पौंड. मिळून पंचावन्न-छप्पन टन स्फोटकं. ऑस्ट्रेलियन आले तेव्हा ती भरून तयार होती आणि उडवायचा दिवस ठरलेला नव्हता.

तुम्हाला वाटेल, मग यांचं काम काय उरलं? भरलेला सुरुंग शत्रूच्या पायाखाली सात महिने जिवंत ठेवणं. पाणी सतत झिरपतंय. दारू भिजली की संपलं, तारा गंजल्या की संपलं. निळी माती हवा लागली की फुगते आणि लाकडाची चौकट आवळून मोडते, म्हणजे टेकू सतत बदलायचे. पाणी काढायला आणि हवा खेळवायला कंपनीने लोखंडी कड्यांची एक नवी उभी विहीर खाली उतरवली. आणि समोरून जर्मनही खणतायत, कारण त्यांना संशय आहे. त्यांचा बोगदा आपल्या दारूकोठीला लागला तर दोन वर्षांची मेहनत गेली. म्हणून ऐकायचं, आणि त्यांना आधीच गाठून छोटा स्फोट करून त्यांचा बोगदा दाबून टाकायचा. याला ‘कॅमुफ्ले’ म्हणत. वर जमिनीवर काही दिसत नाही, खाली माणसं चिरडतात किंवा कार्बन मोनॉक्साइडने झोपल्यासारखी मरतात. अर्थात तेही आपल्यावर हेच करत.

एक गोष्ट कॉर्निश माणसाच्या दृष्टीने अवघड गेली असणार. आयुष्यभर तो कठीण खडकात छिन्नी-हातोडा, मग हवेवर चालणारं ड्रिल, मग सुरुंग असं काम करत आलेला. इथे आवाजच चालत नाही. मातीत खणायची पद्धत मँचेस्टरच्या गटारवाल्यांची. बोगद्याच्या तोंडाकडे पाय करून तिरक्या फळीवर उताणं पडायचं, अरुंद फावड्याचं पातं दोन्ही पायांनी रेटायचं, ढेकूळ सुटलं की दुसऱ्याने ते हातांनी पोत्यात घालायचं, तिसऱ्याने रबरी चाकांच्या ढकलगाडीवरून मागे न्यायचं. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. चौकटीला खिळा ठोकायचा नाही. माती फुगून ती आपोआप धरते. जागा किती, तर उंची साधारण सव्वा मीटर आणि रुंदी पाऊण मीटरच्या आत. ब्रॉन्कायटिस झालेल्या माणसाला ‘खोकू नकोस’ म्हणून सांगायचं, ही काय शिक्षा असेल, विचार करा. एखाद्या खोकल्यापायी पलीकडच्या कानाला जागा कळायची.

वर काढलेल्या निळ्या मातीचीही कटकट. विमानातून निळा ढीग दिसला की जर्मनांना कळणार, हे खोल गेलेत. म्हणून पोतं न्‌ पोतं रात्री दूर नेऊन लपवायचं. हे हमालीचं काम बहुधा पायदळाकडून उसनी आणलेली पोरं करायची आणि टनेलर लोकांना शिव्या घालायची.

पण पन्नाशीच्या सॅपरला बहुधा पाय मारून खणायला लावलं नसावं. टेकू, पंप आणि ऐकणं, ही कामं वयस्कांकडे जात. ऐकायला ‘जिओफोन’ होता. पारा भरलेल्या दोन लाकडी चकत्या जमिनीवर ठेवायच्या, नळ्या कानाला, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या. दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत चकत्या सरकवायच्या आणि होकायंत्राने दिशा काढायची. हे झालं यंत्र. पण तो आवाज कुदळीचा की पंपाचा, लाकूड आवळल्याचा की पोतं ओढल्याचा, हे यंत्र सांगत नाही. समोरून खणल्याचा आवाज येतोय तोवर निवांत. तो थांबला, आणि काहीतरी जड ओढत आणल्यासारखी घसरण ऐकू आली, तर ते दारू भरतायत. तेव्हा किती वेळ उरला, हे अंधारात एकटा बसलेला माणूस ठरवणार. मला काकांची सब्बल आठवते ती इथे.

मेले किती? कंपनीचं हिल ६० वरचं स्मारक आजही तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या खुणा त्यावर दिसतात. तिथे तीस ऑस्ट्रेलियनांनी जीव गमावला. त्यातले दहा २५ एप्रिल १९१७ ला, म्हणजे नेमक्या अँझॅकच्या दिवशी (ऑस्ट्रेलियाचा युद्धस्मृतिदिन), आणि शत्रूच्या हातून नव्हे. डिटोनेटर तपासताना स्फोट झाला आणि खोलीतले सगळे गेले. खाणीत ज्यांनी डिटोनेटर हाताळलेत त्यांना हे वाचताना पोटात गोळा येतो. तुमचे आजोबा तेव्हा इंग्लंडमध्ये होते. दुसऱ्या इस्पितळाच्या नोंदीपुढे लिहिलेलं ‘वेमथ’ म्हणजे वेड्यांचं इस्पितळ नव्हे; ऑस्ट्रेलियात परत पाठवायच्या माणसांची छावणी तिथे होती.

आता जे सांगायचंय ते कदाचित आवडणार नाही. ७ जून १९१७ ला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मेसीनच्या टेकाडाखाली एकोणीस सुरुंग काही सेकंदांत उडाले. हिल ६० ची कळ कॅप्टन ऑलिव्हर वुडवर्ड यांनी दाबली. ती गोष्ट ऑस्ट्रेलियात घरोघर माहीत आहे, आणि तुमच्या सासरच्यांना आपले आजोबा तिथे होते असं म्हणायचा मोह होईल. ते तिथे नव्हते. चार महिने आधीच मागे गेले होते. पण त्या दिवशी दारू कोरडी निघाली, तारा शाबूत निघाल्या. हिवाळ्यातल्या ज्या पाळ्यांनी ती तशी राखली, त्यांतल्या काही पाळ्या यांच्या होत्या. एवढंच म्हणा. तेवढं पुराव्यात बसतं.

शौर्यपदक का नाही, हेही विचारलंत. पदकासाठी कुणीतरी बघणारा अधिकारी लागतो, आणि बोगद्याच्या तोंडाशी बहुधा कुणी नसतं. टनेलर लोकांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेलं एक मोठं नाव म्हणजे सॅपर विल्यम हॅकेट. नॉटिंगहॅमचा, तेवीस वर्षं कोळशात काढलेला, पायदळाने वय जास्त म्हणून तीनदा नाकारलेला. जून १९१६ मध्ये गिव्हाँशीजवळ जर्मन स्फोटाने बोगदा खचला, पाच जण आत अडकले. वीस तासांनी बाहेरून भोक पडलं. हॅकेटने तिघांना बाहेर काढलं. पाचवा, एक जखमी वेल्श पोरगा, हलू शकत नव्हता. भोक बारीक होत चाललं होतं. हॅकेट त्याला सोडून यायला तयार झाला नाही आणि चार दिवसांनी छत पुरतं बसलं. दोघेही आजतागायत खालीच आहेत. वय ४३. ही गोष्ट जगाला कळली, कारण बाहेर आलेले तिघे ती सांगायला उरले. बाकी शेकडो घटनांत सांगायला कुणी उरलं नाही, किंवा सांगण्यासारखं काही झालंच नाही, कारण कुणीतरी वेळेवर ‘बाहेर निघा’ म्हणालं. न झालेल्या अपघाताची नोंद कोण ठेवतो? आमच्या खाणीतही त्या दिवशीच्या वहीत ‘दोन टब नुकसान’ एवढंच आहे, आणि ते मीच लिहिलंय.

त्यांना दोन पदकं मिळाली असतील, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. ‘१९१४-१५ स्टार’ कपाटात सापडत नाही म्हणून शोधत बसू नका. १९१६ मध्ये परदेशी गेलेल्याला तो मिळत नसे.

पुढे काय करायचं? सतरा पानांवर थांबू नका. कॅनबेराच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली भरतीची फाइल तुम्ही उतरवून घेतलीच आहे. आपलं नशीब, की ती शाबूत आहे. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या. हे गृहस्थ कॉर्नवॉललाच राहून भरती झाले असते तर बहुधा हाती काहीच लागलं नसतं. आता ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरिअलने स्कॅन केलेली पहिल्या टनेलिंग कंपनीची युद्धरोजनिशी उघडा, नोव्हेंबर १९१६ ते फेब्रुवारी १९१७ हे महिने. त्यात साध्या सॅपरचं नाव शोधू नका, मिळणार नाही. फाइलमधल्या ‘बी १०३’ क्रमांकाच्या तक्त्यावर ते कंपनीबरोबर होते ते दिवस खुणा करून घ्या आणि रोजनिशीतले तेच दिवस शेजारी ठेवून वाचा. अमुक दिवशी अमुक बोगद्यात आवाज, अमुक दिवशी पाणी वाढलं, अमुक दिवशी शत्रूचा स्फोट. हाच त्यांचा हिवाळा.

आणि पेन्शनची फाइल मागवा, ती वेगळी असते. नॅशनल आर्काइव्ह्जकडेच युद्धानंतरच्या पुनर्वसन खात्याची कागदपत्रं आहेत. ऑनलाइन नसली तर स्कॅन करून मागता येतात. १९२० नंतर त्यांनी छातीच्या विकारासाठी अर्ज केला असेल तर तिथे डॉक्टर आणि ते स्वतः यांच्यात वाद सापडेल, की हा खोकला बोगद्याच्या ओलीचा की ब्रोकन हिलच्या धुळीचा. सरकार धुळीकडे बोट दाखवायचं, कारण मग पैसे खाणमालकाने द्यायचे. अशा वादांत माणूस आपलं काम तपशिलाने सांगतो, कारण सांगावंच लागतं. भरतीच्या फाइलमध्ये ज्याचं एक वाक्य नाही, त्याची चार पानी जबानी मला पेन्शनच्या फाइलमध्ये एकाहून जास्त वेळा मिळाली आहे. अर्ज करताना आडनावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे देऊन बघा. कॉर्निश आडनावं ऑस्ट्रेलियन कारकुनांनी वाटेल तशी लिहिली आहेत. तुमच्याच फाइलच्या नवव्या पानावर एक अक्षर बदललेलं आहे, पाहिलंत का?